तरीबाच्या पुतळ्यापुढची पाठ

तरीबाने दारूचा घडा खाली टेकवला, पदर खोचावा तशी शालीची कड कमरेला खोचली आणि विचारलं, "हे कोण मध्येच येऊन बसलंय?"

गिनूनू झाडत होता. देवळातल्या त्या लांबट दालनात देवीच्या ओट्यासमोर कच्च्या विटांचा एक कट्टा होता, आणि कट्ट्यावर पुतळे दाटीवाटीने उभे होते. सगळी अक्कद शहरातली माणसं. माणसाला पोटापाण्याचे उद्योग असतात, देवीपुढे दिवसभर हात बांधून उभं राहायला कुणाला सवड आहे? म्हणून ज्याला जमेल त्याने आपला दगडी पुतळा तिथे ठेवायचा. माणूस शेतावर, होडीवर, चुलीपुढे, आणि त्याचा पुतळा देवीच्या डोळ्याला डोळा लावून त्याच्यासाठी मागणं मागतोय. त्यात गुडघ्याएवढ्या उंचीचा एक पुतळा तरीबाचा होता. कालपर्यंत तो देवीच्या अगदी समोर होता. आज त्याच्यापुढे एक रुंद दगडी पाठ होती.

"अरे मेल्या, मी काहीतरी विचारतेय!"

"पुझुर-दगान," गिनूनू केरातून मान वर न करता म्हणाला. "राजाच्या कोठाराचे कारभारी."

"असतील कारभारी. माझ्यापुढे कशाला?"

"मावशी, ते तुमच्यापुढे नाहीत. देवीपुढे आहेत."

"आणि मी? मी कुणापुढे आहे? मी त्यांच्या ढुंगणापुढे आहे!"

दोन म्हाताऱ्या तेल वाहायला आल्या होत्या, त्यांनी कानावर हात ठेवले. पण तरीबाचं काही खोटं नव्हतं. तिने गुडघे टेकले, पुतळ्याच्या डोळ्यांच्या पातळीला आपले डोळे आणले आणि पाहिलं. देवीचा मुकुट नाही, हात नाही, पायाखालचा सिंहसुद्धा नाही. नुसता दगडातल्या झग्याच्या मागच्या चुण्या.

आता पुतळ्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटेल त्याला तरीबाची हकिगत माहीत नाही.

तरीबा नदीच्या धक्क्यावर गुत्ता चालवायची. तिची आई चालवायची, आईची आईही. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भाकऱ्या भाजून त्या पाण्यात कुसकरायच्या, खजुराचा रस घालायचा आणि घडा झाकून ठेवायचा. धक्क्यावर दूरदूरच्या होड्या लागायच्या, कुठून कुठून माणसं यायची, एका घड्यात चार नळ्या घालून चार देशांचे नावाडी दारू ओढत बसायचे. तरीबाला त्यांच्यातल्या कुणाचीच भाषा यायची नाही. शिव्या मात्र सगळ्यांच्या यायच्या.

तिचं नाव ठेवलं तेच मुळी भरपाई म्हणून. तिच्याआधीचं मूल गेलं, मग ही झाली, म्हणून तरीबा, म्हणजे गेल्याच्या बदल्यात आलेली. "माझ्या आईला भरपाई मिळाली," ती म्हणायची, "मला कोण देतंय?" कारण तिची तीन लेकरं घरातल्या जमिनीखाली होती, चुलीपासून दोन हातांवर, आणि रोज सकाळी ती तिथे पाणी ओतून तिघांची नावं घ्यायची. जमिनीच्या वर एकच उरलं होतं, इप्कू. वीस वर्षांचा, आईपेक्षा वीतभर उंच, डावखुरा आणि घडे फोडण्यात पटाईत.

गेल्या वर्षी त्याला कालवा उपसायला म्हणून बोलावलं. वीस दिवसांचं काम. कालवा उपसून झाला आणि तिथल्या तिथे हातात भाला दिला, चला पूर्वेकडच्या डोंगरात. घरी येऊन भाकरी घेऊन जातो म्हणाला, तर तेवढंही नाही. शेजारच्या कुंभाराच्या पोराने येऊन तरीबाला सांगितलं, तेव्हा रांग वेशीबाहेर पोचली होती.

"चार दिशांचा राजा म्हणवतो," तरीबा त्या दिवशी गुत्त्यात सगळ्यांसमोर बोलली, "आणि चारी दिशांना पोरं मात्र आमची!"

"अगं, हळू बोल," तिचा नवरा इबनी म्हणाला. हा इबनी एकेकाळी होडी चालवायचा. आता कमरेने साथ सोडली होती, म्हणून दारात बसून सगळ्यांना सल्ले द्यायचा. "भिंतीला कान असतात."

"असू दे. भिंतीलाही एखादं पोर असेल."

पुतळा करायचा तेव्हाच ठरला. दगड काय आपल्याकडे उगवतो? आपल्याकडे माती. दगड यायचा तो होड्यांतून, आणि सगळा राजवाड्यात जायचा. पण धक्क्यावरचा एक पाथरवट तरीबाच्या गुत्त्याचा नेहमीचा गिऱ्हाईक होता. कुठल्याशा मोठ्या पुतळ्याचा फुटलेला गुडघा त्याच्याकडे पडून होता. तो म्हणाला, यातून काढतो तुला. पावसाळा संपेपर्यंत फुकट प्यायला आणि शेवटी काढला. नाक तरीबाचं नव्हतं, हनुवटीही नव्हती. पण शिंपल्याचे डोळे डांबरात बसवून एवढे मोठे केले होते की तरीबा म्हणाली, नाक गेलं खड्ड्यात, डोळे झाले म्हणजे झालं. पाठीवर लिहिणाऱ्याकडून एक ओळ कोरून घेतली: तरीबा, इप्कूची आई, इप्कूच्या प्राणासाठी.

पुतळा ठेवला आणि बाईला पहिल्यांदा झोप लागली. आपण मोड आलेलं जव पसरतोय, पण तिकडे आपला दगड डोळे न मिटता पोरासाठी मागतोय, हे तिला पुरेसं होतं. आणि देवी कोण? इश्तर. लढाईची मालकीण. रणात कुणाला उचलायचं आणि कुणाला ठेवायचं ते तिच्याच हातात.

आणि नेमका त्याच वर्षी राजा देव झाला.

शहरानेच देवांकडे मागणं घातलं म्हणे, की आमच्या राजाला देव करा. तरीबाला कुणी विचारलं नव्हतं. पण झाला, आणि देव झालेला राजा सणाला देवीच्या भेटीला येणार म्हटल्यावर शहरातल्या झाडून सगळ्या बड्या लोकांना एकाएकी भक्तीचा उमाळा आला. ज्याचा पुतळा नव्हता त्याने करवला, ज्याचा कोपऱ्यात होता त्याने पुढे आणवला, राजाची नजर पडावी म्हणून. अशा त्या धांदलीत पुझुर-दगान कारभाऱ्यांची पाठ तरीबाच्या नाकापुढे आली.

"सण झाला की उचलतील ना?" तरीबाने गिनूनूला विचारलं.

"ते मला काय ठाऊक? मी झाडतो. जागा ठरवतात ते तेल लावणारे पुजारी."

तरीबा दुसऱ्या दिवशी एक घडा घेऊन तेलवाल्या पुजाऱ्याकडे गेली. त्याने घडा घेतला आणि म्हणाला, "मी फक्त तेल लावतो, बाई. जागेचं देवळाचे वडील, म्हणजे थोरले पुजारी, बघतात." वडिलांकडे गेली. त्यांनीही घडा घेतला, म्हणाले, "सणानंतर या." सण झाला. गेली. "राजाच्या नव्या देवळाच्या विटा पाडून होऊ देत, सगळी माणसं तिकडे गुंतली आहेत." विटा झाल्या. गेली. "वडील आजारी आहेत." बरे झाले. गेली. "अहो बाई, पण हे आमच्याकडे नाही, हे तर तेल लावणारे बघतात."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण नकटीचं निदान लग्न तरी ठरलेलं असतं. आठ महिने तरीबा हेलपाटे घालत होती. तिच्या घड्यांवर अर्धं देऊळ झिंगत होतं आणि पुतळा एक बोट हलला नव्हता.

"देवीला दगडाआडचं दिसत नाही होय?" इबनी एकदा दारातून म्हणाला. "देवी आहे ती."

"तुम्हाला भिंतीआडचं दिसतं का?"

"मी देव नाही."

"कालपर्यंत राजाही नव्हता! आणि दिसत असेल देवीला आरपार, तर मग पुझुर-दगान कशाला पुढे येऊन उभे राहिले? त्यांना नाही का कळत? ज्यांना कळतं ते पुढे जातात आणि आपण मागे बसून शहाणपणा सांगतो!"

इबनीने दारूची नळी तोंडात धरली.

डोंगरातून काहीही कळत नव्हतं. राजा जिंकला एवढं कळायचं. राजा नेहमीच जिंकायचा. जिंकल्याची दवंडी आली की तरीबा आणखीच घाबरायची, कारण जिंकायलाही पोरंच लागतात.

मग एके सकाळी तिचा संयम संपला. गिनूनू पाणी आणायला गेला होता, दालनात दुसरं कुणी नव्हतं. तरीबाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कट्ट्याला पाय लावला आणि कारभाऱ्यांच्या दगडी कमरेला आपली कंबर लावून दिला एक रेटा. रोज भरलेले घडे उचलणारी बाई ती. पुतळा करकरला आणि एक वीत सरकला. तिने खाली बसून पाहिलं. आपल्या पुतळ्याच्या डाव्या डोळ्याला आता देवीचा उजवा हात आणि सिंहाचं अर्धं तोंड दिसत होतं. अर्धं तर अर्धं! ती चार दिवस इतकी गोड वागत होती की इबनीला भीती वाटायला लागली.

पाचव्या दिवशी घडा घेऊन गेली तर गिनूनू पांढराफटक.

"मावशी, हा कुणी हलवला?"

"मला काय माहीत? तू झाडतोस ना? लागला असेल तुझा झाडू."

"झाडूने एवढा धोंडा हलतो होय! मावशी, खरं सांगा, तुम्ही नाही ना? अहो, याच्या पाठीवर काय लिहिलंय ते ठाऊक आहे का?"

आठ महिने तरीबा ती पाठ बघत होती. कट्ट्यापाशी बसून तिच्यावरच्या खुणा मोजाव्यात इतकी बघत होती. पण वाचता येतंय कुणाला? तिला वाटलं होतं नाव असेल, गाव असेल, मोठ्या माणसाचं असतं तसं आणखी काही असेल.

गिनूनूलाही वाचता यायचं नाही. पण पुतळा आणला तेव्हा लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याने आवाज खाली घेतला. "जो कोणी हा पुतळा जागचा हलवेल, इश्तर त्याची मुळं उपटो आणि त्याचं बीज वेचून टाको."

"बीज म्हणजे?"

"बीज म्हणजे पोरंबाळं, मावशी. दुसरं काय असतं माणसाचं?"

तरीबाच्या हातातला घडा कलंडला आणि तिला कळलंसुद्धा नाही. असले शाप राजाच्या दगडांवर असतात, हे तिने ऐकलं होतं. पण कोठाराच्या कारभाऱ्याने आपल्या पुतळ्याला लावून घ्यावा? तिच्या पुतळ्यावर एक ओळ मावली तीच मुश्किलीने.

मग तिचं डोकं फिरलं. "आणि तू? तूच नाही का चौघांना घेऊन हा पुतळा इथे आणलास? तुला नाही का लागला शाप?"

"आम्ही मालकाच्या हुकमाने आणला. सात वर्षं तो पलीकडच्या कोपऱ्यात होता, मालकच म्हणाले पुढे घ्या. मालकाने सांगितलं तर तो शाप कसा लागेल? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

कुणीही नाही. इथेच सगळं अडत होतं. पोराला वाचवायचं म्हणून पुतळा ठेवला, पुतळ्याला दिसावं म्हणून दुसरा हलवला, आणि हलवला म्हणून पोराचंच बीज वेचलं जाणार. असा व्याप आपल्या हाताने करून ठेवल्यावर शिव्या तरी कुणाला घालायच्या? तिने सवयीने गिनूनूला घातल्या. पण त्यांत दम नव्हता.

"तो परत मागे ढकलू का?" तिने विचारलं.

"आणखी एकदा हलवणार?" गिनूनू किंचाळलाच.

उपाय एकच होता. ज्याच्या नावाचा शाप, त्यानेच तो काढायचा. पुझुर-दगानकडे जाऊन पायावर डोकं ठेवायचं. आठ महिने जी बाई त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होती, तिने.

कारभाऱ्यांचा वाडा वरच्या आळीत. पहिल्या दिवशी दारवान म्हणाला, मालक कोठारावर आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मालक झोपलेत. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बायकांची गाऱ्हाणी मालक पौर्णिमेनंतर ऐकतात. तरीबाने त्याला दारू पाजून पाहिली, तो शेजारच्या दारवानालाही बोलावून प्यायला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. पाच दिवस असेच गेले. आणि तिकडे डोंगरात शाप पोचायला किती दिवस लागतात, हे तिला कुणी सांगेना. माणसाला वीस दिवस लागतात. शाप चालत जातो की उडत?

सहाव्या दिवशी तिने ठरवलं, आज उंबऱ्यावर आडवं पडायचं. येताना रस्ताभर बोलायचं काय ते घोकत आली. पण दारात दारवानच नव्हता. दार सताड उघडं. ती तशीच आत घुसली. अंगणात भट्टी विझलेली, दोन बायका भिंतीला पाठ लावून बसलेल्या, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. अंगणाच्या मध्ये, नुसत्या जमिनीवर, एक लठ्ठ माणूस बसला होता.

तरीबाला तिथेच कळायला हवं होतं. पण घोकलेलं तोंडात आलेलं, ते कुठलं थांबतंय.

"कारभारीबाबा, मी धक्क्यावरची तरीबा. आठ महिने तुमची पाठ बघतेय मी! आमच्यासारख्यांनी कसाबसा एक वीतभर दगड मिळवायचा, तो देवीपुढे ठेवायचा, आणि तुम्ही येऊन त्याच्यापुढे डोंगरासारखं उभं राहायचं! तुम्हाला राजा दिसायला हवा, हो ना? अहो, माझं एकच पोर आहे तिकडे! विचारलंत कुणाला, मागे कोण आहे म्हणून? आणि वर शाप लिहून ठेवायचे! हो, हलवला मी. एक वीत हलवला, कमरेने. शिक्षा करायची तर मला करा, हात तोडा, पण तेवढा शाप काढून घ्या पोरावरचा."

बोलता बोलता तिने नीट पाहिलं. त्याचा झगा गळ्यापासून फाडलेला होता. डोक्यावर धूळ. दाढीला तेल लागलेलं नव्हतं. तिचा आवाज आपोआप खाली आला.

"किती म्हणालीस?" पुझुर-दगानने विचारलं.

"एक वीत, बाबा."

"मी तीस हात हलवला."

तरीबाला काही सुधरेना. तो जमिनीकडे बघतच बोलत होता. "काल होडीतून निरोप्या आला. माझा मुलगा मन्नूम गेला. डोंगराच्या खिंडीत. त्याच्यासाठीच होता तो पुतळा. तो आजारी पडायचा लहानपणी, म्हणून ठेवला होता. सात वर्षं कोपऱ्यात होता तोवर त्याला काही झालं नाही."

"पण तुम्ही मालक," तरीबा म्हणाली. "मालकाला कसा लागेल?"

"लिहिणारा हेच म्हणाला होता. म्हणाला, पुतळ्याच्या धन्याला वगळून लिहू का? मी हसलो. म्हटलं, कुणालाही सोडू नकोस, राजा असो, पुजारी असो, जो कोणी असो. मी काय माझाच पुतळा हलवणार आहे?" त्याने तळवा जमिनीवर घासला. "आणि मग राजा येणार म्हणून मीच."

भिंतीपाशी बसलेल्या बायकांतली एक उठून आत गेली. तरीबाला परत जावंसं वाटलं. आठ महिने ज्याला पाण्यात पाहिलं तो समोर होता, मोडून पडलेला, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. तिने काहीच ठरवलं नाही, पण ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "विचारू नये, पण विचारते. त्यांच्याबरोबरची माणसं... इप्कू नाव. निरोप्या काही बोलला का?"

पुझुर-दगानने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "निरोप्याने एकच नाव आणलं. कारभाऱ्याच्या मुलाचं नाव आणतात. बाकीच्यांची नावं कोण आणतं?"

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

मग त्याने अंगणातलं मातीचं एक ढेकूळ उचललं आणि शेजारच्या पाण्याच्या भांड्यात सोडलं. दोघंही बघत राहिली. ढेकूळ बुडालं, कडा सुटल्या, बुडबुडे आले, आणि पाणी गढूळ झालं. "हे जसं विरलं तसा तुझ्यावरचा शाप विरला," तो म्हणाला. "जा. आणि माझा पुतळा तिथून काढून टाकायला सांग. तुझा पुढे घे." त्याने ओल्या मातीचा गोळा चपटा केला, गळ्यातला नळीसारखा शिक्का त्यावर फिरवला आणि तो गोळा तिच्या हातात दिला.

तो गोळा हातात घेऊन तरीबा देवळात आली तेव्हा गिनूनूचा विश्वास बसेना. त्याने शिक्का उलटसुलट पाहिला, धावत जाऊन तिघांना बोलावून आणलं, दोर आणले, मोठ्या उत्साहाने बाह्या सरसावल्या. "मावशी, जिंकलात की हो! आधी तुमचा उचलतो, मग यांचा. कुठे ठेवू? अगदी मध्यावर?"

"हात लावू नकोस!"

गिनूनूचे हात हवेतच राहिले.

"कशालाच हात लावायचा नाही. माझ्या नाही, त्यांच्या नाही. आहेत तिथे राहू देत."

"अहो पण आठ महिने..." गिनूनूला आता खरोखर राग आला. "आठ महिने माझं डोकं खाल्लंत तुम्ही! पुढे घे, पुढे घे, पुढे घे! आता शिक्का आहे, माणसं आहेत, दोर आहेत, आणि आता म्हणता नको?"

"नको म्हणजे नको. त्यांचा अगदी पुढे होता, तिच्या डोळ्यांसमोर. काय दिलं तिने त्यांना?"

तिघं माणसं दोर गुंडाळून पुटपुटत निघून गेली. गिनूनू झाडू घेऊन उभा राहिला. तरीबाने आपल्या पुतळ्याकडे पाहिलं. ते भलतंच नाक, ते मोठाले डोळे, समोर तीच रुंद पाठ. मग ती कट्ट्याला वळसा घालून पुढे गेली, पुझुर-दगानच्या दगडी पोटाच्याही पुढे, आणि ओट्याला छाती लागेल एवढ्या जवळ उभी राहिली.

"मावशी, तिथे उभं राहायचं नसतं. तिथे पुतळे उभे असतात."

"मग समज मला पुतळा."

तिने छातीशी हातावर हात धरले. देवीचा चेहरा एवढ्या जवळून तिने कधी पाहिला नव्हता. तो ना रागावलेला होता ना हसरा.

"ऐक बाई," तरीबा म्हणाली, दारात आलेल्या विसरभोळ्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं, मोठ्याने आणि वैतागून. "इप्कू नाव त्याचं. इबनीचा मुलगा, धक्क्यावरच्या गुत्त्यातला. डावखुरा आहे, भाला डाव्या हातात असेल, तेवढ्यावरून गर्दीत ओळखू येईल. उजव्या भुवईवर खूण आहे, तीन वर्षांचा असताना घड्यावर पडला होता. वीतभर उंच आहे माझ्याहून. झोपेत बडबडतो. त्याचं नाव तिकडून इकडे आणायला कुणी नाही, म्हणून मी इकडून घेऊन आलेय. त्याच्याऐवजी दुसऱ्याचं उचल असं नाही म्हणत मी, त्या कारभाऱ्याचं झालं तेवढं पुरे झालं. फक्त त्याला ठेव. आणि तो आता नसेल तर..."

गिनूनू पुढे आला, पण तिने हात झटकला.

"नसेल तर काय! आहे!" ती ओरडली. मग तिने श्वास घेतला, डोळे पुसले नाहीत, आणि तिला वाटलं की मघाशी आपण फार भरभर बोललो, देवीला नीट ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"इप्कू नाव. इबनीचा मुलगा. डावखुरा आहे."